फाटकावरचा माणूस

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

"माझ्या कानाशी भुणभुण करण्यापेक्षा वहीत लिही," असं म्हणून कालोयानने ही वही आणून दिली. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आणलेली उपयोगाची ही पहिलीच वस्तू.

भुणभुण सिनेमाची आहे. 'परतीचा कोन'ची जुनी फिल्म सोफियातल्या लोकांनी धुऊनपुसून नवी केली आणि काल तिथे दाखवली. मला जाता आलं नाही. आमच्याकडे सध्या कवळ्यांचा हंगाम आहे. विदिन शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना नाताळात डुकराचं मांस चावायचं असतं आणि त्यांचे दात बनवायचे मी.

वहीला काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. सिनेमा १९८५ सालचा. एक अंतराळवीर अठरा दिवस वर राहून खाली उतरतो आणि चालत चालत आपल्या गावी येतो. गावात कोणी नाही. दारं सताड उघडी, कुठे दोरीवर ओले कपडे, कुठे परसात कोंबड्या. तो घरामागून घर हिंडतो. शेवटी एका फाटकाशी थांबतो. खिडकीतून मांडलेलं टेबल दिसतं. त्यावर वाफाळलेलं जेवण आणि कोणी न बसलेलं एक जास्तीचं ताट. आतून एका लहान मुलीचा आवाज येतो, "आलास?" तो काही बोलत नाही. पडदा काळा. संपलं.

एवढ्यावर जग एकोणचाळीस वर्षं भांडतंय. दिग्दर्शकाला विचारलं की तो म्हणायचा, मला ठाऊक नाही. आणि तसाच मरून मोकळा झाला. आमच्या चाहत्यांच्या मंचावर सरळ दोन तट आहेत. परतलेवाले म्हणतात, तो पृथ्वीवर आलाय, घरी आलाय, ताट त्याच्यासाठी वाढलंय. न-परतलेवाले म्हणतात, तो उतरतानाच जळून मेला, पुढचं सगळं मेल्यानंतरचं. मी परतलेवाल्यांची सेनापती. मंचावर माझं नाव 'अक्कलदाढ'.

कालोयान म्हणतो, "दोन मुलं वाढवलीस, एक नवरा वाढवलास, तरी तुला भांडायला माणसं कमी पडतात?" त्याला कळत नाही असं नाही. तो सिनेमा आमच्या गावात काढलाय. स्तुदेन ब्रोद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी अडवलं आणि गाव पाण्याखाली गेलं. मी तेव्हा पाच वर्षांची. आमच्याकडे गावाचा एकही फोटो नाही, घर हलवताना पेटी ट्रकवरून पडली. माझं गाव जगात आहे ते फक्त त्या एक तास बावन्न मिनिटांत.

आणि बाबा. त्याच वर्षी मार्चमध्ये तो कामाला लिबियाला गेला. तेव्हा निम्मा देश जायचा. पाच पोस्टकार्डं आली आणि मग काही नाही. त्याचाही फोटो नाही, चेहरा मला आठवत नाही. आता तो सत्तर वर्षांचा असेल. तिथे दुसरी बायको असेल, नातवंडं असतील. मी तीन वेळा दूतावासाला लिहिलंय. चौथं पत्र अर्धं लिहून ठेवलंय. हे मंचावर कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ओग्न्यान म्हणेल, म्हणून तुम्हाला सगळे परतलेले हवेत होय.

८ ऑक्टोबर

ओग्न्यान हा न-परतलेवाल्यांचा म्होरक्या. सोफियातल्या ज्या ठिकाणी फिल्म साफ झाली तिथेच तो कामाला आहे, त्यामुळे त्याच्या हाती सगळं आधी लागतं. आज त्याने शेवटच्या दृश्याचं चित्र टाकलं. जुन्या व्हिडिओत फाटकावर पांढरा डाग दिसायचा. आम्ही वर्षानुवर्षं त्याला उन्हाची तिरीप म्हणायचो. तो कागद आहे. चिकटवलेला कागद, वर चेहरा आणि खाली '४०' हा आकडा.

परदेशी मंडळी नुसती पिसाळली. एक म्हणतो, पोलिसांची जाहिरात. एक म्हणतो, निवडणुकीतला उमेदवार. अर्जेंटिनाची ग्रासिएला म्हणते की उड्डाण अठरा दिवसांचं नव्हतंच, चाळीस दिवसांचं होतं. अठरा खोटं, चाळीस खरं, बावीस दिवस लपवलेत! त्या बावीस दिवसांवर तिने चार पानं लिहिली.

मला राहवलं नाही. मी लिहिलं, अहो बाई, ते शोकपत्रक आहे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापून दारावर, फाटकावर, बस थांब्यावर, झाडांवरसुद्धा कागद चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दर वर्षी. गावातल्या कुणाचं तरी असेल. सिनेमाशी संबंध नाही.

पाचच मिनिटांत ओग्न्यान: "धन्यवाद, अक्कलदाढबाई. फाटकावर मेलेल्याचा कागद आहे, असं तुम्हीच म्हणताय. म्हणजे टेबलावर आहे ते स्वागताचं जेवण नव्हे, चाळिसाव्या दिवसाचं. जास्तीचं ताट कुणाचं ते आता तुम्हीच सांगा."

हातची तलवार शत्रूला देऊन बसले. संध्याकाळी कालोयानच्या ताटात सूप आदळलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आई आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. गॅलरीत बसून लाल मिरच्या भाजत होती. मी सालं काढायला बसले. बोलता बोलता कागदाचं सांगितलं. फाटक कसं आहे, निळं, वरच्या फळीत चंद्रकोरीसारखी खाच, त्यावर हा कागद. कुणाचं घर असेल गं ते?

आईच्या हातातली मिरची काळी होईस्तोवर तव्यावर राहिली. मग म्हणाली, "निळी फाटकं सगळ्यांचीच होती. सहकारी संस्थेत एकच रंग मिळायचा."

"तू एकदा सिनेमा बघ ना. घरं ओळखून दे. मी नावं लिहून ठेवते."

"मला नाही बघायचं ते पाण्यातलं."

"अगं, तेव्हा पाणी कुठे होतं?"

"मला आत्ता दिसतं ना."

तिचं हे नेहमीचंच. गावावर राग. नवरा सोडून गेला ती जागा, राग असणारच. मीही पुढे ताणलं नाही. शूटिंगचं मला काही आठवत नाही. आई म्हणते, तेव्हा मी आठवडाभर तापाने फणफणले होते.

१७ ऑक्टोबर

ओग्न्यानने चेहरा मोठा करून टाकला. तीस-एकतीस वर्षांचा माणूस. डोळे उन्हात मिचकावल्यासारखे. आणि तो हसतोय! शोकपत्रकावर माणसं गंभीर असतात, ओळखपत्राचा फोटो लावतात. हा बहुतेक कुणाच्या लग्नातला, कापून घेतलेला. शेजारच्या माणसाचा खांदा अजून दिसतो.

माझी नजर सवयीने दातांवर गेली. वरचा डावीकडचा दुसरा दात नाही. पडलेला नाही, मुळातच आलेला नाही. सुळा सरकून पुढच्या दाताला टेकलाय. जन्मतः असं शंभरात एखाद्या-दुसऱ्यालाच असतं आणि घराण्यात चालतं. माझंही तसंच आहे, माझा तो दात मी स्वतःच बनवून बसवलाय. मंचावर लिहून टाकलं की अशा दातांचा माणूस नट म्हणून कोणी घेत नसे, त्यामुळे हे बनावट शोकपत्रक नाही, खरं आहे, आणि खरं असेल तर कथेशी त्याचा संबंध नाही. मुद्दा बिनतोड होता.

कालोयान मागून डोकावला. चहाचा कप तसाच हातात धरून बघत राहिला.

"नेव्या, हा तुझ्यासारखा हसतो."

"मी अशी हसते? दात विचकून?"

"पाव लपवून खाल्लास की हसतेस."

मी त्याला हाकलून दिलं. चेहऱ्यात चेहरे दिसतातच. मी दिवसाला दहा जबडे बघते, मला सांगू नका.

मंचावर त्याला नाव पडलंय, 'फाटकावरचा'.

२० ऑक्टोबर, रविवार

आईशी भांडले. नेहमीसारखीच.

तीच म्हणाली, "सोड ना तो सिनेमा. चेहरा उतरलाय तुझा." मी म्हटलं, मला कुठेतरी माझं गाव बघायला मिळतं ते तुला बघवत नाही. ती म्हणाली, गाव काय चाटायचंय? मग माझ्या तोंडून तेच निघालं जे दर खेपेला निघतं. बाबा तुझ्या जिभेमुळे गेला. तू त्याला टिकू दिलं नाहीस. त्याने पत्रं लिहायची थांबवली ती तुझ्यासाठी, शिक्षा झाली मला.

सोळाव्या वर्षी पहिल्यांदा म्हटलं होतं. आता चव्वेचाळीस पूर्ण. लिहिताना लाज वाटते, बोलताना वाटत नाही.

ती कधी उलटून बोलत नाही. आजही नाही. घेवड्याचं सूप वाढलं, वर पुदिना चुरून टाकला आणि म्हणाली, "गरम आहे तोवर खा." नवल म्हणजे भांडण झालं की ती जरा ताजीतवानी दिसते. आज गुणगुणत भांडी घासली.

२३ ऑक्टोबर

आज जे बघितलं ते बघायला नको होतं.

ग्रासिएलाने संगणकाकडून त्या चेहऱ्याला हलवून घेतलं. हल्ली असं करता येतं म्हणे. जेवणाच्या सुट्टीत उघडलं. आजूबाजूला टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले. फाटकावरच्याने डोळे मिटले, उघडले. मान किंचित तिरकी केली. ओठ हलले आणि तो हसला. मग परत पहिल्यापासून. नऊ सेकंद.

मी अकरा वेळा बघितलं. पाचव्या-सहाव्या वेळी मला जाणवलं की मीसुद्धा मान तिरकी केलीय.

खाली दोनशे माणसांनी लिहिलेलं. काही म्हणतात, तोच खरा अंतराळवीर, सबंध सिनेमाभर आपण बघतो तो दुसराच कुणी. काही म्हणतात, तो घराची राखण करतोय. एका पोराने तो चेहरा आपल्या कपावर छापून घेतलाय आणि रोज त्यातून कॉफी पितो. मी त्याला लिहिलं, तो कुणाचा तरी माणूस आहे, लाज बाळग. मंचावर इतकी कधी चिडले नव्हते. ओग्न्यानसुद्धा चिडवायचं विसरून म्हणाला, "बाई, आज बरं नाही का?"

दुपारी मिसेस पेन्चेवांच्या कवळीचे दोन दात वाकडे बसले, परत काढावे लागले.

२६ ऑक्टोबर

ओग्न्यानचा निरोप, मंचावर नाही, खासगी. एरवी टोमणा मारल्याशिवाय ज्याचं वाक्य संपत नाही तो माणूस अगदी सांभाळून लिहीत होता. कागदावरचं नाव थोडं वाचता येतंय. पहिलं नाव स्तोइल. आडनावावर फाटकाची सावली आहे. तारीख दिसते, ९ मे ८५. त्याच दिवशी ते दृश्य घेतलं, रोजच्या शूटिंगच्या नोंदीत आहे. म्हणजे माणूस मार्चच्या अखेरीला गेला.

आणि शेवटी: "आपल्या चाहता मंडळाच्या यादीत तुमचं पूर्ण नाव बघितलं. नेव्याना स्तोइलोवा. माफ करा, पण तुमचे वडील त्या गावचे होते का?"

बापाचं नाव मधे लावायची आमची पद्धत, म्हणून कुणीही उठून असं विचारणार का? स्तोइल त्या डोंगरात शेकड्याने असतील. प्रत्येक घरात एक बकरी आणि एक स्तोइल. मी उत्तर पाठवलं: "माझे वडील मार्चमध्ये लिबियाला गेले. पत्रं आहेत. तुमच्या सिद्धांतात माझ्या घरच्यांना ओढू नका."

पाठवल्यावर वाटलं की 'मार्चमध्ये' हे लिहायला नको होतं.

२७ ऑक्टोबर

पोस्टकार्डं काढली. त्रिपोलीचा समुद्र, उंट, मशीद, पुन्हा उंट, खजुराचं झाड. 'माझ्या नेवे, इथे फार ऊन आहे. आईचं ऐक. दूध पी.' पाचही पाठ आहेत मला. मागे तिकिटं लावलेली नाहीत, टपालाचा शिक्काही नाही. सुट्टीवर येणाऱ्या कुणाबरोबर हातोहात पाठवली असतील. तसं करायचेच लोक.

'दूध पी' मधला 'दू' आईही असाच काढते. एकाच गावच्या शाळेत शिकले दोघं.

चौथं पत्र पूर्ण करायला बसले. दोन ओळी लिहिल्या. पुढे काय लिहायचं ते आठवेना.

३० ऑक्टोबर

आईने गहू आणायला सांगितला. शनिवारी मृतांचा दिवस. दर वर्षी ती गहू उकडून साखर, अक्रोड घालून इमारतभर वाटते. मी सहज विचारलं, "विदिनमध्ये आपलं कोण पुरलंय गं? तू कुणाच्या नावाने वाटतेस?"

"ज्यांना कबर नाही त्यांच्या," ती म्हणाली. "एक किलो आण. खडे बघून घे."

कालोयानला सांगितलं. तो म्हणाला, "नेव्या, तू इतकी हुशार बाई. जगभरच्या लोकांना एका पांढऱ्या डागावरून गप्प करतेस." आणि उगाचच माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, स्पष्ट बोल. तो म्हणाला, "मला स्पष्ट बोलता आलं असतं तर मी वही आणली असती का?"

१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओग्न्यानने कामावर फोन केला. आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटत होतं तरुण असेल. साठीचा माणूस निघाला, खोकणारा.

तो म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर मी पुसून टाकेन. पण आधी तुम्हीच ऐकावं असं वाटलं. आवाजाची मूळ फीत सापडलीय. त्या मुलीच्या प्रश्नानंतर सिनेमात पडदा काळा होतो. फितीवर अजून सात सेकंद आहेत. तो आवाज स्टुडिओत घेतलेला नाही बाई, तिथल्या तिथे मिळालेला आहे. ती मुलगी नटी नव्हती. त्या घरात राहणारी होती."

त्याने पाठवलं. मी प्लास्टरच्या खोलीत दार लावून ऐकलं.

"आलास?"

मग पावलांचा आवाज, अनवाणी. मग एक बाई, घाईने, पण मोठ्याने नाही: "नेवे. नेवे, आत ये. तो नाही आहे."

तो माझ्या आईचा आवाज आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

गहू वाटून झाल्यावर आई दर वर्षी 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून जाते. आज मी तिच्याबरोबर निघाले. तिने नको म्हटलं नाही. सकाळचे दहा वाजलेले, धुकं इतकं की पलीकडचा रोमानिया दिसत नव्हता. दान्यूब कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवर ती सावकाश उतरली, पिशवीतून वाटी काढली आणि गहू चमच्या-चमच्याने पाण्यात सोडायला लागली. वरून थोडी वाइन.

"कधी कळलं?" तिने विचारलं. वळली नाही.

"काल. तुझा आवाज ऐकला. सिनेमाच्या फितीवर."

"ठेवलाय होय त्यांनी?" चमचा थांबला. "मला वाटलं पुसला असेल. तो दाढीवाला म्हणाला होता, पुसतो."

मग तिने सांगितलं. मधे मधे थांबत, पण रडली नाही. धरणावर क्रेनची तार तुटली. एकतीस मार्च. तो आणि अजून एक जण. गावच्या दफनभूमीत पुरला, कारण दुसरीकडे कुठे नेणार? जुन्या कबरी वर हलवल्या होत्या. ताज्या हलवत नाहीत. वर सिमेंटची लादी टाकली आणि ऑगस्टमध्ये पाणी आलं.

"चाळिसावा दिवस होता. मी टेबल मांडलं. निम्मं गाव निघून गेलेलं, जेवायला येणार कोण? तेवढ्यात सिनेमावाले आले. म्हणाले, ताई, अख्ख्या गावात तुमच्याच घरात चूल पेटलेली दिसते, इथे घेऊ का? म्हटलं घ्या. तेवढीच माणसं दिसतील दाराशी." तिने वाटी पायरीवर ठेवली. "तुला तुझ्या आजीने सांगून ठेवलेलं, चाळिसाव्या दिवशी माणूस एकदा घर बघून जातो. तू सकाळपासून खिडकीला चिकटलेली. आणि तो आला. चंदेरी कपडे, डोक्यावर ते काचेचं भांडं, तोंड दिसत नाही. फाटकाशी उभा. तुझ्या बापाच्याच उंचीचा. तू पळालीस. खोटं कशाला सांगू नेवे, माझे पण पाय उचलले."

"मग?"

"मग त्याने ते भांडं काढलं."

नदीवरून कुठल्या तरी मालवाहू बोटीचा भोंगा आला. दिसलं काही नाही.

"तू काही बोलली नाहीस. जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ओठ मिटून बसलीस. चौथ्या दिवशी मी म्हटलं, तो लिबियाला गेलाय, कमवून येईल. तू अख्खा पाव खाल्लास. मी ठरवलं, थोडी मोठी झाली की सांगू. मग इथे आलो, इथे कुणाला काही ठाऊक नाही. कार्डं इथल्याच एका डॉक्टरणीने तिकडून आणलेली, कोरी. मी लिहिली. फोटो एकच चांगला होता, आमच्या लग्नातला. छापायला दिला तो छापखान्यातून परत मिळालाच नाही."

मला ओरडायचं होतं. ओरडायला काही सापडेना. जे सापडलं ते भलतंच होतं.

"आई, ही नदी काळ्या समुद्राला जाते. स्तुदेन ब्रोदचं पाणी खाली ग्रीसकडे जातं. तू चाळीस वर्षं चुकीच्या पाण्यात टाकतेस."

"मला भूगोल नको शिकवू. विदिनमध्ये दुसरं पाणी कुठंय?"

तिने उरलेला गहू एकदम ओतला. दाणे जरा वेळ वर तरंगले आणि गेले. मी तिचा दंड धरला. तो किती बारीक झालाय ते मला आजवर कळलंच नव्हतं.

"मी तुला बोलत राहिले," मी म्हटलं. "तुझ्या जिभेमुळे गेला. अठ्ठावीस वर्षं. तू एकदा तरी माझ्या थोबाडीत मारून सांगायचंस."

आई माझ्याकडे वळली. थंडीने तिचे डोळे पाणावले होते, की थंडीने नव्हे.

"तू त्याच्यावरून भांडायचीस ना नेवे," ती म्हणाली, "तेवढा वेळ तो कुठेतरी जिवंत असायचा. मलाही बरं वाटायचं."

आम्ही वर आलो. जिना चढताना ती तीनदा दम खायला थांबली. मी तिच्याकडेच जेवले. ताटं दोनच मांडली.

३ नोव्हेंबर, रविवार

रडून झालं. कालोयानला सगळं आधीच कळलं होतं, दाताच्या दिवशीच. त्याला मी सोमवारी धरणार आहे.

सकाळी ओग्न्यानचं पत्र आलं. सात सेकंदांचं काय करू, असं विचारतो. "तो नाही आहे" हे शब्द जगासमोर आले की एकोणचाळीस वर्षांचा वाद कायमचा मिटेल आणि त्याचा पक्ष जिंकेल. पण फीत तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं, असंही लिहिलंय.

मी लिहिलं: "कुलपात ठेवा. वाद चालू राहू दे."

मग मंच उघडला. फाटकावरच्यावर रात्रीतून ऐंशी नवे संदेश आले होते. एक जण म्हणत होता, ताट त्याचंच. एक जण म्हणत होता, मुलगी त्यालाच हाक मारतेय, अंतराळवीराला नव्हे. मी सगळे वाचले, एक एक, सावकाश. शेवटी अक्कलदाढच्या नावाने एक ओळ टाकली: "तुम्ही काहीही म्हणा, तो परतलाय. आत गेलाय आणि जेवायला बसलाय."

तीनच मिनिटांत ग्रासिएलाचं उत्तर आलं, दोन पानी, तावातावाने, तो का परतू शकत नाही याची चौदा कारणं देऊन. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या कारणापासून सुरुवात केली.